डोंगर उतरल्यावर दोन दिवसांनी मांड्या का दुखतात? दुखलं म्हणजे स्नायू वाढतायत का?

तुम्ही लिहिलंय की रविवारी पहिल्यांदाच येऊरच्या डोंगरावर गेलात, चढताना फक्त दम लागला, सोमवारी थोडं आखडलं आणि मंगळवारी ठाणे स्टेशनचा पूल कठडा धरून, आडवे पाय टाकत उतरावा लागला. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं की लॅक्टिक ॲसिड साचलंय, आणि दुखतंय म्हणजे स्नायू वाढतायत. हे खरं का, आणि पुढच्या रविवारी जावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी ठाण्यातच फिजिओथेरपी करते. पावसाळ्यात ट्रेक सुरू झाले आणि वर्षा मॅरेथॉन जवळ आली की आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. ट्रेनरचं पहिलं वाक्य साफ चूक आहे. दुसरंही बरोबर नाही, त्यात दोन वेगळ्या गोष्टींचा गोंधळ आहे.

आधी लॅक्टिक ॲसिड. जोरात पळताना मांडी पेटल्यासारखी होते, तेव्हा लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) वाढलेलं असतं हे खरं. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पुन्हा मूळ पातळीवर येतं. ते फुकटही जात नाही, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवतं. रविवारचं लॅक्टेट मंगळवारपर्यंत मुक्कामाला राहत नाही. 1983 मध्ये हे सरळ तपासूनच पाहिलं गेलं. काही लोकांना ट्रेडमिलवर 45 मिनिटं सपाटीवर पळवलं आणि उतारावरही पळवलं. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट फारसं हललं नाही, आणि पाय मात्र सडकून दुखले. तरी हा समज जिममधून जात नाही. त्याचं मूळ बहुधा शंभर वर्षांपूर्वीच्या बेडकांच्या स्नायूंवरच्या प्रयोगांत असावं. त्या काळच्या कामासाठी हिल आणि मायरहोफ या शास्त्रज्ञांना 1922 चं नोबेल मिळालं. काम अस्सल होतं, त्यातून लोकांनी काढलेला अर्थ नव्हे. गंमत म्हणजे त्याच्याही वीस वर्षं आधी, 1902 मध्ये, थिओडोर हाऊ या शास्त्रज्ञाने असं उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आतल्या फाटण्यामुळे असावं, असं लिहून ठेवलं होतं.

आता तुमच्याच मांडीत काय झालं ते बघू. तुम्हीच लिहिलंय की चढताना दम लागण्यापलीकडे त्रास झाला नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना काम उलटं होतं. पुढचं पाऊल खाली टेकलं की गुडघा वाकायला लागतो, सगळं वजन त्या पायावर येतं, आणि तुम्ही धाडकन कोसळू नये म्हणून तोच स्नायू ताण धरून ठेवतो, पण धरता धरता लांबतही जातो. विहिरीत भरलेली घागर हळूहळू सोडताना दोर हातातून सरकू द्यायचा, पण सुटू द्यायचा नाही, तसं. याला दम कमी लागतो, म्हणून उतरताना सोपं वाटतं. पण अशा वेळी काम कमी तंतूंवर पडतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला जास्त ताण येतो.

स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात. ही सरकण्याची कल्पना 1954 मध्ये दोन वेगळ्या गटांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात मांडली. धाग्यांचे छोटे छोटे कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात. लांबताना सगळे कप्पे सारखे ताणले जात नाहीत. काही कमकुवत कप्पे जास्त ओढले जातात, त्यांच्या सीमारेषा विस्कटतात, तंतूचं आवरण थोडं गळकं होतं आणि कॅल्शियम आत शिरतं. पुढच्या काही तासांत पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, सूज येते आणि आसपासच्या चेतातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला जातं. तुमचा मंगळवार अगदी वेळापत्रकाप्रमाणे आला!

दुरुस्तीसाठी कामगार आधीपासून जागेवर हजर असतात. तंतू आणि त्याचं बाहेरचं वेष्टण यांच्यामध्ये छोट्या पेशी चिकटून झोपलेल्या असतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, आणि त्यांनी त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतूत मिसळून आपलं केंद्रक त्याला देतात. तंतू स्वतः विभागू शकत नाही, म्हणून ही सोय.

मग दुखणं म्हणजे वाढ का? नाही. स्नायू वाढतो तो मुख्यतः ताणामुळे. वजन पेलल्यावर तंतूच्या आत संदेश जातो आणि प्रथिनं बांधण्याचा वेग दिवस-दोन दिवस चढा राहतो. ब्राझीलमध्ये 2016 साली दहा आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांवर झालेला अभ्यास मला फार आवडतो. पहिल्या व्यायामानंतर प्रथिनबांधणी सगळ्यात जोरात होती, पण तिचा स्नायूच्या वाढीशी मेळ बसला नाही, कारण ती डागडुजीतच खर्च होत होती. काही आठवड्यांनी इजा कमी झाली, बांधणीही थोडी उतरली, आणि तेव्हा मात्र ती वाढीशी जुळली. म्हणजे तुमचं शरीर सध्या पडझड भरून काढतंय, नवा मजला अजून चढवत नाहीये. सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते, तीही बरीचशी मेंदू आणि नसा तंतूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून.

दम टिकणं हे प्रकरण वेगळं. ते चढणीतून मिळतं. 1967 मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर काही आठवडे पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. स्नायूचा आकार न वाढताही हे होतं. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या मांड्या बारीक का दिसतात, त्याचं उत्तर यात आहे.

खाण्याचं फार ताणत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार साध्या माणसाला किलोमागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. स्नायू वाढवायचा असेल तर 1.6 च्या आसपास. 65 किलो वजनाला हा फरक 54 आणि 104 ग्रॅमचा. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, हिशोब करा. येऊरहून उतरून दोन वडापाव खाणाऱ्यांनी तर नक्कीच करा. (मीही खाते, पण त्याला प्रथिनं म्हणत नाही.)

आता दुखण्याचं काय करायचं? हलकं चाला, गरम पाण्याने शेका, मालीश आवडत असेल तर करा, बरं वाटेल. बर्फाच्या पाण्यात बसायची फॅशन आलीय. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर दर वेळी ते करू नका, त्याने वाढ कमी होते असं दिसलंय. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.

एक मात्र लक्षात ठेवा. अशा आठवड्यात रक्ततपासणी करू नका, निदान तिच्या आधी काही दिवस दमवणारा व्यायाम नको. स्नायूतून क्रिएटिन कायनेज आणि एसजीओटी ही एन्झाइम्स रक्तात येतात (एसजीओटी यकृतातही असतं), आणि रिपोर्टवर एसजीओटी वाढलेलं दिसलं की लोक यकृत गेलं म्हणून घाबरतात. असे दोन पेशंट माझ्याकडे रिपोर्ट घेऊन आलेत. डॉक्टरांना आधीच व्यायामाचं सांगितलं असतं तर धावपळ वाचली असती. पण लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, मांडी टणक सुजली किंवा पायात ताकदच उरली नाही, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. तंतू मोठ्या प्रमाणावर फुटले तर त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाला इजा करतं.

यातलं काही नसेल आणि शनिवारपर्यंत जिना बिनधास्त उतरता येत असेल, तर पुढच्या रविवारी खुशाल जा. उतरताना छोटी पावलं टाका, उड्या मारू नका, आणि जमलं तर पहिल्या खेपेच्या निम्म्यातून परता. एकदा अशी इजा झाली की तोच स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाने फार कमी दुखतो. या वेळी सोमवार-मंगळवारी काय होतं, ते कमेंटमध्ये सांगा.