जोडी जमली, तरी दयाळ गातोच का?

प्रश्न : आमच्या शेवग्यावर मार्चपासून एक दयाळ रोज पहाटे गातो. आता कंपाउंडच्या भिंतीतल्या भोकात घरटंही झालंय. मादी मिळाली, मग अजून कोणासाठी गातो? नातवानं मोबाइलवर दयाळाचं गाणं लावलं, तर हा थेट खिडकीवर आला. त्याला आवडलं असेल का?
– एक आजी, सांगली

उत्तर : आवडलं कसलं आजी, तो भांडायला आला होता! मोबाइलमधला दयाळ त्याच्या लेखी घुसखोर. मादीला रिझवणं हे गाण्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ‘ही जागा माझी’ असं इतर नरांना बजावणं. घरट्यात अंडी असताना तर हद्द सोडून कसं चालेल?

युरोपातला सेज वॉर्बलर मात्र तुम्ही म्हणता तसाच वागतो. ज्याच्या गाण्यात विविधता जास्त, त्याची जोडी लवकर जमते. आणि जमली की स्वारी जवळजवळ गप्प.

पण नुसत्या आवाजानं हद्द राखता येते? 1970च्या दशकात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन क्रेब्स यांनी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डजवळ हेच तपासलं. तिथल्या एका राईतले ग्रेट टिटचे नर (पक्षी चिमणीएवढा) त्यांनी पकडून हलवले. मग राईच्या एका भागात लाउडस्पीकरवर त्याच पक्ष्याचं गाणं लावलं, दुसऱ्यात साध्या पिपाणीचे सूर, बाकी राई शांत. शांत आणि पिपाणीवाल्या भागांत नवे नर आधी घुसले. गाणं वाजत होतं तो भाग बराच वेळ रिकामा राहिला. मालक जागेवर नाही, तरी धाक कायम! पुढे एकाऐवजी अनेक गाणी वाजवली, तर तो भाग भरायला आणखी वेळ लागला.

दयाळही एकच धून आळवत बसत नाही, इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. पहाटे जरा कान देऊन ऐका.

नातवाला मात्र मोबाइल बंद करायला सांगा. नसलेल्या शत्रूला शोधण्यात नराचा वेळ जातो, आणि पिल्लं झाली की त्यालाही चारा आणायचा असतो. फोटोसाठी हाच उद्योग करणारी मोठी माणसं भेटतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. खिडकीच्या काचेवर चोची मारायला लागला, तर काही दिवस बाहेरून जुनी चादर लावा; काचेतलं प्रतिबिंबही त्याला दुसरा नरच वाटतं.