मॅलहम: टार्नचं पाणी कोव्हमधून बाहेर पडतं का?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या मॅलहम गावचं कोव्ह (चुनखडीचा उंच कडा) आणि टार्न (त्याच्या वरच्या बाजूचं तळं) एका दिवसात बघून होतं का, आणि टार्नचं पाणी कोव्हमधून बाहेर पडतं हे खरं का, असं विचारलंय तुम्ही. एका दिवसात आरामात होतं. दुसऱ्या प्रश्नावरून माझं आमच्या साडूंशी चांगलंच वाजलंय, म्हणून त्यावरच लिहितो.

आई वाईहून आली होती, जन्म सगळा काळ्या कातळावर गेलेला. इथं सगळीकडे पांढुरकी चुनखडी, तीस कोटी वर्षांहून जुनी, आणि पावसाचं पाणी तिच्यात टिकतच नाही, भेगांतून खाली जातं. टार्न टिकलंय कारण त्याच्या बुडाशी पाणी न झिरपू देणारी स्लेट आहे. त्यातून निघालेला ओढा जेमतेम अर्धा किलोमीटर वाहतो आणि दगडगोट्यांत जिरतो, भोवरा नाही की आवाज नाही. आई तिथं खाली बसली, हात घातला, एक दगड ओला आणि वीतभर पुढचा कोरडा. म्हणाली, "एवढं पाणी गेलं कुठं रे?" साडू म्हणाले, "काकू, खाली कोव्हला निघतं की, सगळ्यांना माहितीय." कोव्हला पोचलो, ८० मीटरचा सरळ कडा आणि तळाच्या फटीतून संथ येणारं पाणी. आईनं विचारलं, "हे तेच पाणी कशावरून?" तर साडू सगळ्यांसमोर हसले. ते मला अजून बोचतं.

आईचा प्रश्न एकदम बरोबर होता. पाण्यात रंग सोडून तपासलंय लोकांनी. कोव्हचं पाणी येतं ते वर जुन्या स्मेल्ट मिलजवळ (धातू वितळवायच्या कारखान्याजवळ) गडप होणाऱ्या दुसऱ्या ओढ्याचं, आणि टार्नचं पाणी मुख्यतः गावाच्या खाली एअर हेडच्या झऱ्यांना निघतं. म्हणजे जमिनीखाली दोन्ही वाटा एकमेकींना ओलांडून जातात! ओढा आणि कडा नकाशावर सरळ रेषेत दिसतात म्हणून पाणी तसंच जातं असं धरून चालणाऱ्यांनी खडकाबद्दल बोलूच नये.

डिसेंबर २०१५ च्या वादळात कोव्हच्या माथ्यावरून धबधबा पडला होता, पण ते थोडाच वेळ, त्या भरवशावर जाऊ नका. आणि हो, माथ्यावरची चुनखडी ओली असली की भयंकर निसरडी होते, भेगांत पाय अडकतो, लहान मुलं असतील तर हात सोडू नका. भेगांत वाकून बघा मात्र, आत वाऱ्यापासून लपून नेचे वाढलेले असतात.

गोरडेल स्कारला, म्हणजे जवळच्या चुनखडीच्या घळीत, वेळ उरला तर जा. पण एअर हेड चुकवू नका, गावातून दक्षिणेला पायवाटेनं थोडंच चालायचंय, कुरणात पाणी वर येताना दिसतं. फोटो काढलात तर इथं टाका, मला साडूंना पाठवायचाय.