पहिल्यांदा गहू करताय? आधी तांबेऱ्याचं विचारा

दादा, बियाणं घेताना नुसता उतारा विचारू नका. आमच्या इंदूरकडे अजून कितीतरी जण लोक-१ पेरतात. पोळी छानच होते, पण तांबेऱ्याला, म्हणजे पानाखोडावर गंजासारखी भुकटी आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला, तो वाण लवकर बळी पडतो. इथल्याच गहू संशोधन केंद्राचा कठिया, म्हणजे कडक दाण्याचा, पूसा तेजस घ्या, शेजारी पोळीचा एखादा तांबेरा सोसणारा वाणही लावा. सगळं रान एकाच वाणाखाली नको. राय या गव्हाच्या नात्यातल्या धान्यातून गव्हात आलेल्या एसआर३१ या जनुकानं वर्षानुवर्षं खोडाचा तांबेरा थोपवला. १९९९ च्या सुमारास युगांडातल्या यूजी९९ या तांबेऱ्याच्या नव्या प्रकारानं तो बांध फोडला. एकाच जनुकावर भिस्त ठेवल्याचा हा परिणाम! माघात पान बोटांत चोळून बघा. नारिंगी-तपकिरी भुकटी लागली, तर त्याच दिवशी ते पान केंद्रात दाखवा.