लेकीनं हिजाब घेतला, आता मी काय करू?

दारव्हा तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्या, छापत नाही. त्यांनी जन्मभर साडी नेसली, डोक्यावर पदर घेतला, बुरखा कधी घातला नाही. सासूनंही नाही, ती तर कापूस वेचायला जायची. मुलगी बारावी सायन्सला, रोज एसटीनं कारंज्याला जाते. दिवाळीनंतर ती अबाया, म्हणजे पायघोळ झगा, आणि हिजाब घालायला लागली. कोणी सांगितलं नाही, माझं मीच ठरवलं, म्हणते. वर आईला ऐकवलं, ‘‘अम्मी, पदर में से बाल दिखते, गुनाह होता.’’ वडील खूश. गावातल्या बाया विचारतात, ‘‘काहून वं, पोरीले आतापासून बुरखा?’’ त्यात मे महिन्यात नीटची परीक्षा. कर्नाटकातल्या मुलींना गेटवर अडवल्याचे व्हिडिओ बाईंनी पाहिलेत, तसं इथं झालं तर? शेवटी लिहितात, ‘‘मी कुठं कमी पडली?’’

बाई, तुमच्या पत्रात हिजाबाबद्दल चार ओळी आहेत आणि लेकीच्या त्या एका वाक्याबद्दल दीड पान. लागलंय ते तिथं. म्हणून या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू.

हिजाब तिचा. तिनं मनापासून घेतला म्हणते, तर ते खरं धरून चाला. मुसलमान पोरीनं डोकं झाकलं की मागे कोणाचा तरी दट्ट्या असणारच, असं आपल्याकडची शिकलेली माणसं न विचारता ठरवून टाकतात. तुम्ही तरी तसं करू नका. वर्गातल्या मैत्रिणी घालत असतील, मोबाईलवर बयान, म्हणजे धार्मिक प्रवचन, ऐकत असेल, नमाजात मन लागत असेल. सतराव्या वर्षी माणूस असंच काहीतरी स्वतःचं शोधतं.

फक्त एक चौकशी करा, आणि ती भांडणात नको. रात्री दोघीच असाल तेव्हा करा. बसमध्ये, स्टँडवर कोणी त्रास देतं का? हिजाब घातला की टवाळ पोरं जरा लांब राहतात, असं काही मुली सांगतात. काहींचा अनुभव नेमका उलटा, हिजाब पाहूनच शेरे येतात. तसं काही असेल तर कपड्याची चर्चा बाजूला ठेवून आधी प्राचार्यांना भेटा. मुलीचं कॉलेज मात्र बंद करू नका. गावाकडे छेडछाडीवर पहिला उपाय तोच सुचतो, आणि शिक्षा पोरीलाच होते.

आता तुमचा पदर. मी काही धर्मशास्त्र शिकलेली आलिमा नाही. कुराणातल्या सूरह नूरच्या ३१व्या आयतीत बायकांना ओढणी छातीवरून घ्यायला सांगितलंय. बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, त्यावरून डोकं झाकणं फर्ज, म्हणजे बंधनकारक, मानतात, काही अभ्यासक मानत नाहीत. पण कोणत्या कपड्यानं झाकायचं, हे मुलखामुलखात वेगळं होत आलंय. वऱ्हाडात तुमच्या सासूनं ते नऊवारीच्या पदरानं केलं आणि कपाशीच्या तासातही तो पदर ढळू दिला नाही. काळा अबाया आपल्या खेड्यांत अलीकडचा. त्यामुळे जुन्या बायांना गुनाहगार ठरवायचं काम सतरा वर्षांच्या मुलीकडे कोणी दिलेलं नाही.

तिला स्पष्ट सांगा, ‘‘तू घेतला, मी अडवलं नाही. माझ्या पदराला तू नावं ठेवायची नाहीस. आणि उद्या तुला काढावासा वाटला, तरी या घरात तुला कोणी जाब विचारणार नाही.’’ हे शेवटचं वाक्य वडिलांच्या देखत बोला. त्यांना ऐकू गेलं पाहिजे.

कारण तुमच्या मालकांनी मारलेला टोमणाही तुम्ही लिहिलाय, ‘‘बच्ची को समझा, तेरे को कब समझेगा?’’ त्यांना म्हणावं, ३१वी आयत वाचली, आता तिच्या आधीची ३०वी वाचा. त्यात पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितलंय.

गावातल्या बायांना उत्तर देऊ नका. पोषण आहाराची पाकिटं वाटताना विषय निघाला तर ‘‘तिलेच इचारा’’ म्हणा आणि पुढचं बाळ वजनकाट्यावर ठेवा.

परीक्षेची भीती मात्र खरी आहे. कर्नाटकातला शाळा-कॉलेजच्या गणवेशाचा, हिजाब रोखणारा २०२२चा आदेश त्या राज्यापुरता होता. १३ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं त्यावर वेगळी पडली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायचं ठरलं. आपल्याकडे चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाबला बंदी केली होती. ९ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही असंही बजावलं. तुमची मुलगी चेहरा झाकत नाही, हे लक्षात ठेवा. कॉलेजचा काही नियम असलाच तर प्राचार्यांकडून लेखी मागा.

नीटच्या सूचनांमध्ये पारंपरिक, धार्मिक पोशाखाला परवानगी असते. अट एवढीच, की झडतीसाठी लवकर यायचं. गेट दीडला बंद होतं, अशा मुलींनी साडेबाराच्या आत पोहोचायचं. मुलींची झडती आडोशाला, बाई कर्मचारीच घेते. त्या वर्षीच्या प्रवेशपत्रावरच्या सूचना एकदा नीट वाचून घ्या, आणि केंद्र यवतमाळ किंवा अमरावतीला आलं तर पहिल्या एसटीनं निघा. विदर्भातला मे, दुपारची परीक्षा. हिजाब सुती आणि फिक्या रंगाचा असू द्या, टाचण्या कमीत कमी.

फॉर्मच्या फोटोत चेहऱ्यासोबत दोन्ही कानही दिसावे लागतात. स्टुडिओवाला बहुतेक पुरुषच असणार, तेव्हा तिला एकटीला पाठवू नका. तुम्ही सोबत जा, हिजाब कानामागे तुम्हीच सारून द्या.