मेकॅनिकल, रोबोटिक्स आणि घरून काम?

पुण्याजवळ चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात समुपदेशन करते, त्यामुळे हा प्रश्न सारखा कानावर येतो : "मॅडम, मेकॅनिकल केलंय. रोबोटिक्समध्ये जायचंय. त्यात घरून करता येईल असं काही मिळेल का?" विचारतानाच चेहरा असा, की आता मी नाहीच म्हणणार.

निखिल (नाव बदललंय) त्यांतलाच. वेल्डिंग फिक्स्चर (वेल्डिंग होताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारा सांगाडा) डिझाइन करणाऱ्या कंपनीत दोन वर्षं झालेली. आईवडील मिरजेला, वडिलांना अर्धांगवायू, म्हणून घरून कामाची ओढ. रोबोटचं वेड शाळेपासूनचं. पण मनाशी पक्कं धरलेलं, की ते सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं, म्हणजे माणसाच्या समजुती तपासून पाहत, काम करते. समजुतीला पुरावा मागायची मला खोडच आहे.

"कॉम्प्युटरवाल्यांचं कशावरून?"

"जाहिरातीत पायथन, सी++ मागतात."

"ते शिकता येतं. आणखी?"

"मी रोबोटवर कधी काम केलेलं नाही, मॅडम."

पुढच्या भेटीत करिअरचा विषयच काढला नाही. ऑफिसात अलीकडे काय अडलं होतं, एवढंच विचारलं. तो कंटाळल्यासारखा सांगू लागला. गाडीच्या दरवाज्याच्या फिक्स्चरवर रोबोटची स्पॉट गन (ठिपक्याठिपक्यानं वेल्डिंग करणारं हत्यार) पत्रा पकडणाऱ्या क्लॅम्पला धडकत होती. सिम्युलेशनवाले, म्हणजे रोबोटची हालचाल आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहणारे, म्हणाले, तो स्पॉट होणार नाही. यानं कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, गन फिरवून फिरवून पाहिली, रोबोटचं मनगट कुठल्या कोनात अडतं ते हुडकलं आणि क्लॅम्प बारा मिलिमीटर मागे घेतला. स्पॉट बसला. सांगता सांगता कंटाळा कुठल्या कुठे गेला. माझा स्टेपलर उचलून त्यानं त्याची गन केली, पेनस्टँडचा क्लॅम्प केला आणि मनगट वळवून मला तो कोन दाखवू लागला.

"हे काम कुणाचं?"

"फिक्स्चरचंच की."

"रोबोटचा हात कुठं पोचत नाही, हे शोधणं फिक्स्चरचं?"

स्टेपलर हातातच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी अर्धं तेच करतोय?"

मी काही बोलले नाही. मुलांना येतं बरंच, पण बायोडेटात ते उतरत नाही, हे माझं जुनं निरीक्षण. निखिलच्या बायोडेटात या कामाची एक ओळ नव्हती. ती आधी लिहून घेतली.

या विषयाच्या पायाचंही तसंच, तोही मेकॅनिकलचाच. रोबोटचे सांधे गणितात मांडायची जी पद्धत आजही शिकवतात, ती डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ मध्ये यंत्ररचनांच्या अभ्यासातून मांडली. केओएमचा (कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरी, यंत्रांच्या हालचालींचा विषय) पेपर रडतखडत सुटला असेल, तरी ती जमीन मेकॅनिकलवाल्यांचीच आहे.

आता घरून काम. सिम्युलेशन, ऑफलाइन प्रोग्रॅमिंग (रोबोटपासून दूर, कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्रॅम लिहिणं), ग्रिपरचं म्हणजे वस्तू पकडणाऱ्या पंजाचं डिझाइन, आरओएस या रोबोटच्या सॉफ्टवेअरवरचं कोडिंग हे घरून होतं. कारखान्यात रोबोटची लाइन उभी करणं होत नाही. औद्योगिक रोबोट शिकवलेल्या जागी मिलिमीटरच्या शतांशांत परत येतो. पण ड्रॉइंगमधली जागा आणि कारखान्यातली जागा यांत काही मिलिमीटरचा फरक असतोच. तो टीच पेंडंट (रोबोटला जागा शिकवायचा हातातला रिमोट) धरून, एकेक पॉइंट जुळवून काढावा लागतो. ज्यानं हे एकदा केलंय, त्याच्या घरून पाठवलेल्या प्रोग्रॅमवर लोक विश्वास ठेवतात. म्हणून पहिलीच नोकरी पूर्ण घरून हवी, या हट्टाला मी सरळ विरोध करते. काही वर्षं ग्रीस लागू द्या हाताला.

शिकण्यासाठी महागडा क्लास लावायची घाई नको. उबंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमवर आरओएस २ आणि गझीबो हा सिम्युलेटर फुकट चालतात. अजून कॉलेजात असाल तर आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स स्पर्धेत उतरा. सहा सांध्यांचा हात, स्वतः डिझाइन केलेला ग्रिपर आणि वस्तू उचलून ठेवणारा प्रोग्रॅम, एवढा एकच प्रकल्प नीट करा. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकताना वस्तू कुठे निसटली आणि का, तेही लिहा. मुलाखत घेणारा बहुधा तिथंच थांबतो. दहा सर्टिफिकेटांचं मला फारसं कौतुक नाही.

निखिलनं नोकरी सोडली नाही. त्याच कंपनीत सिम्युलेशनच्या टीममध्ये बदली मागितली, आणि काही महिन्यांनी मिळाली. आता महिन्यातला एक आठवडा तो मिरजेहून काम करतो, लाइन लागताना चाकणला राहतो. वडिलांच्या फिजिओथेरपीच्या तारखा साहेबांना आधीच कळवतो. ते बोलायची तयारी करण्यात मात्र कोडिंगपेक्षा जास्त वेळ गेला.