खासदाराने मत कोणते दिले, हे शोधायचे कसे?

प्रश्न : आमच्या खासदारांनी पाच वर्षांत कोणत्या विधेयकावर काय मत दिले, याची यादी कुठेच मिळत नाही. अशी यादी असते तरी का?

तयार यादी नसते, कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात आणि अध्यक्ष ‘होय’चे बहुमत जाहीर करतात. कोण काय म्हणाले, याची नोंद राहत नाही. डिसेंबर 2023 मध्ये भारतीय न्याय संहितेसारखा मोठा कायदाही लोकसभेत असाच मंजूर झाला. त्यावर तुमच्या खासदारांचे मत काय होते, हे मतदानाच्या नोंदीतून कुणालाच सांगता येणार नाही.

नावे हवी असतील तर मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून मोजणी, व्हावी लागते. लोकसभेच्या नियम 367 नुसार, अध्यक्षांनी जाहीर केलेल्या निकालाला कुणी आक्षेप घेतला की लॉबी (सभागृहालगतची जागा) मोकळी करायला सांगतात. साडेतीन मिनिटांनी प्रस्ताव पुन्हा मताला येतो. पुन्हा आक्षेप आला, तर मतविभागणी. मात्र मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. तेव्हा आकडा मिळतो, नावे मिळत नाहीत. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, तरी गदारोळात ती आवाजी मतदानानेच मंजूर झाली. एवढ्या महत्त्वाच्या विधेयकांवर नावानिशी मत न नोंदले जाणे ही आपल्या संसदीय पद्धतीतली मोठी उणीव आहे, आणि ती कोणत्याही एका सरकारच्या काळातली नाही.

प्रश्न : मग नावानिशी मतदान झालेली विधेयके कशी शोधायची?

सुरुवात घटनादुरुस्त्यांपासून करा. त्यांना सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. ते मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही, म्हणून तिथे मतविभागणी होतेच. 20 सप्टेंबर 2023 रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाले. विरोधातली दोन मते एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची.

संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर लोकसभा किंवा राज्यसभा निवडा, चर्चांच्या विभागात जा आणि मतदानाची तारीख टाका. त्या दिवसाच्या कार्यवृत्तात (कामकाजाच्या अधिकृत नोंदीत) मतविभागणी आली की बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशा नावांच्या याद्या दिसतात. चुका बहुतेकदा इथे होतात.

पहिली चूक आकड्याची. सदस्य हिरवे (होय), लाल (नाही) किंवा पिवळे (तटस्थ) बटण दाबतात. बटण चुकले किंवा यंत्राने मत घेतले नाही, तर आपल्या खऱ्या मताच्या रंगाची चिठ्ठी भरून देतात. 17 डिसेंबर 2024 रोजी ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना लोकसभेतल्या फलकावर आधी 220 विरुद्ध 149 दिसले. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा झाला 269 विरुद्ध 198. म्हणजे फलकाचा फोटो पाहून ‘आमचे खासदार गायब होते’ असे म्हणणारा सपशेल चुकू शकतो. चिठ्ठीने दिलेले वा दुरुस्त केलेले मत यादीजवळच्या टिपेत येते. ती टीप वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

दुसरी चूक जास्त घातक आहे. एकाच विधेयकावर बऱ्याच मतविभागण्या होऊ शकतात : मांडायला परवानगी, एकेक दुरुस्ती, एकेक कलम आणि शेवटी मंजुरी. विरोधी सदस्याच्या दुरुस्तीवर ‘होय’ म्हणजे बहुधा सरकारच्या विरोधातले मत असते. त्यामुळे यादीच्या वर कोणता प्रस्ताव छापला आहे, हे आधी पाहा.

तारखेचाही घोळ होतो. वक्फ दुरुस्ती विधेयकाची लोकसभेतली चर्चा 2 एप्रिल 2025 ला सुरू झाली आणि मतदान मध्यरात्रीनंतर झाले (288 विरुद्ध 232). अशा वेळी बैठक ज्या तारखेला सुरू झाली, ती तारीख आधी तपासा.

प्रश्न : आमच्या खासदारांचे नाव बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. त्यांनी मतदान टाळले, असे समजायचे का?

लगेच नाही. तटस्थ राहिलेल्यांची यादी वेगळी असते, आधी ती पाहा. तिथेही नाव नसेल तर गैरहजेरी, सभात्याग किंवा निलंबन यांपैकी काहीतरी असते, आणि यादीवरून त्यांतला फरक कळत नाही. निलंबित सदस्याला मत देता येत नाही. डिसेंबर 2023 च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार निलंबित होते. पीठासीन असलेली व्यक्तीही समसमान मते पडली तरच निर्णायक मत देते.

सभात्याग हा तर ठरवून घेतलेला राजकीय निर्णय असतो. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाआधी सभात्याग केला. राज्यसभेची नुसती यादी पाहिली तर शिवसेनेचे खासदार गैरहजर वाटतील. म्हणून त्या दिवसाचे कार्यवृत्त मतदानाच्या आधीच्या पानांपासून वाचा.

प्रश्न : खासदार स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत का देत नाहीत?

सदस्यत्व जाऊ शकते म्हणून. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. पक्षाचा व्हिप (मतदानाबाबतचा पक्षादेश) मोडून, पूर्वपरवानगी न घेता मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने 15 दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले. तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षादेश मोडून सरकारविरुद्ध गेले आणि पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. अशी उदाहरणे बोटावर मोजण्याइतकी आहेत.

त्यामुळे मताच्या यादीतून तुम्हाला प्रामुख्याने पक्षाची भूमिका कळते. खासदाराची स्वतःची समज जोखायची तर त्याने विधेयकावर दिलेल्या दुरुस्त्या पाहा. दुरुस्तीची सूचना देऊन ठेवायची आणि नाव पुकारल्यावर ती मांडायचीच नाही, असेही घडते. कार्यवृत्तात तशी नोंद सापडते.

प्रश्न : हजेरी 90 टक्क्यांच्या वर म्हणजे खासदार चांगला, असे धरावे का?

नको. दिवसातून एकदा हजेरी नोंदवली की तो दिवस धरला जातो. मतदानाच्या वेळी सदस्य आत होता का, हे त्यातून कळत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांना तर ही हजेरी नोंदवावीच लागत नाही. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे त्यांची इतर खासदारांशी आकडेवारीवर तुलना निरर्थक आहे.

त्यापेक्षा मंत्रालयांचे काम आणि विधेयके तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल उघडा. या 24 समित्यांत प्रत्येकी 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी जोडलेल्या इतिवृत्तात हजर सदस्यांची नावे छापलेली असतात. सदस्याने लेखी असहमती दिली असेल तर तीही अहवालात सापडते. समितीत व्हिप लागू होत नाही, म्हणून इथली असहमती सभागृहातल्या मतापेक्षा जास्त बोलकी. तुमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत हे त्यांच्या माहितीपानावर मिळेल. तिथून त्या समितीचे गेल्या वर्षभराचे अहवाल काढा आणि इतिवृत्तांत त्यांचे नाव किती बैठकांना दिसते, ते मोजा.