आईचा गुडघा बदलला, आता माझाही बदलावा लागणार?

‘आमच्या घराण्यातच गुडघेदुखी आहे, माझीही तीच गत होणार.’ चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून हे सतत ऐकते. त्यातल्याच एकीची हकिगत, ओळख बदलून, सांगते.

वय ४६, बँकेत नोकरी. गुडघा अधूनमधून कुरकुरायचा, एक्स-रे मात्र जवळपास ठीक होता. तरी धास्तीने त्यांनी जिना सोडला, सकाळचं फिरणं सोडलं. वजन वाढत चाललं होतं. ‘गुडघे जपून वापरते, मॅडम. आहेत तेवढे पुरवायचे.’

आनुवंशिकता मी नाकारली नाही. खोटा दिलासा टिकत नाही. लंडनच्या संशोधकांनी जुळ्या बहिणींवर केलेल्या १९९६च्या अभ्यासात हात-गुडघ्यांच्या अस्थिसंधिवातात, म्हणजे सांधे झिजण्याच्या विकारात, आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के निघाला होता. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दलचा आहे. ‘माझा गुडघा जाण्याची शक्यता ६५ टक्के’ असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय दोषी असं एकच जनुक नाही. सांध्याच्या घडणीतल्या जीडीएफ-५ या जनुकाचा जोखमीचा प्रकार असंख्य लोकांत असतो आणि धोका थोडासाच वाढवतो.

त्यांनी मान डोलावली, पण भीती तसूभरही हलली नाही. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे भीतीमागची समजूत तपासायला लावून, काम करते. नुसत्या माहितीने समजूत बदलत नाही, माणसाने ती स्वतः तपासावी लागते, यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणून म्हटलं, ‘आईच्या गुडघ्याचं पहिल्यापासून सांगा.’

‘तिशीत एसटीतून उतरताना पडली. गुडघा टम्म सुजला. तेल चोळलं, फडकं बांधलं आणि चार दिवसांत परत शेतात.’

‘मग?’

‘तेव्हापासून तोच गुडघा मधेच दगा द्यायचा. पुढे वजनही वाढलं...’ त्या थांबल्या. ‘बदलला तोही तोच! पण तिचं पडणं काही माझ्या रक्तात आलेलं नाही.’

मी बराच वेळ गप्प राहिले. हेच मी सांगितलं असतं तर तो आणखी एक उपदेश झाला असता. मला तेव्हा लख्ख दिसलं: आईकडून आलेल्या जनुकांपेक्षा, आईसारखं होईल या भीतीने सोडलेलं चालणं त्यांचं जास्त नुकसान करत होतं. मांडीचे स्नायू दुबळे होत होते, वजन चढत होतं आणि दोन्हींचा भार गुडघ्यावर येत होता.

घरात कुणाला हा त्रास असेल तर वजनाकडे आधी बघा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १९९२च्या अभ्यासात सुमारे ५ किलो वजन उतरलेल्या स्त्रियांत दुखऱ्या गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. मांडीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सवयीचं चालणं सहसा गुडघे झिजवत नाही. सूज आली, गुडघा अडकला किंवा रात्री ठणकू लागला, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञ.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, ‘मुलगी खो-खो खेळते. बंद करू?’

‘खेळू द्या. पण गुडघा मुरगळून सुजला तर तेलावर भागवू नका, त्याच दिवशी दाखवा.’